लहान कारखान्याने उद्योग पुरस्कारासाठी अर्ज कसा करावा: नाशिकमधील नव्या उद्योजकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा विद्युत स्विचगिअरला लागणारे पत्र्याचे आणि तांब्याचे प्रेस पार्ट्स तयार करणारा लहान कारखाना आहे. सत्तावीस माणसे, सहा पॉवर प्रेस आणि एक छोटी टूलरूम एवढाच आमचा व्याप. गेल्या काही वर्षांत आम्ही वेगवेगळ्या उद्योग पुरस्कारांसाठी चार वेळा अर्ज केले. पहिला अर्ज छाननीतच बाद झाला, दुसऱ्या वेळी गुण कमी पडले, तिसऱ्या वेळी परीक्षक कारखाना पाहून गेले पण निवड दुसऱ्या उद्योगाची झाली, आणि चौथ्या वेळी जिल्हा पातळीवरचा एक पुरस्कार आम्हाला मिळाला. पहिल्या अर्जाच्या वेळी नेमके काय करायचे हे सांगणारे कोणी आम्हाला भेटले नव्हते, म्हणून चारही वेळचा अनुभव इथे क्रमाने मांडत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे टप्पे तिच्यावर उभे आहेत. परीक्षक गुण देतात ते पुराव्याला, आणि पुरावा अर्जाच्या मुदतीआधीच्या पंधरा दिवसांत तयार करता येत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी अर्ज करायचा असेल, तर पाचव्या टप्प्यातले काम या महिन्यातच सुरू करा.

१. पुरस्कार कशासाठी हवा आहे, हे आधी ठरवा

हा प्रश्न वरवरचा वाटतो, पण कोणता पुरस्कार निवडायचा हे त्याच्या उत्तरावर ठरते. मोठ्या ग्राहकाच्या पुरवठादार यादीत जायचे असेल, तर गुणवत्तेचा किंवा कायझेनचा (रोजच्या कामातील लहान लहान सुधारणांचा) पुरस्कार उपयोगी पडतो, कारण खरेदी विभागातील माणसांना त्याची किंमत माहीत असते. बँकेकडे किंवा शासकीय खरेदीत पत वाढवायची असेल, तर शासनाचा पुरस्कार बरा. कामगारांचा उत्साह वाढावा एवढाच हेतू असेल, तर कायझेन किंवा क्वालिटी सर्कलच्या, म्हणजे कामातल्या अडचणी मिळून सोडवणाऱ्या कामगार गटांच्या, स्पर्धेत त्यांनाच मंचावर बोलायला पाठवा. आमच्या टूलरूममधील दोन मुलांनी अशा स्पर्धेत डायमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात, स्वतः केलेल्या बदलाची माहिती दिली, तेव्हापासून सुधारणा सुचवण्याचे त्यांचे प्रमाण जेवढे वाढले, तेवढे कोणत्याही बक्षिसाने वाढले नव्हते.

२. आपल्याला लागू पडणारे पुरस्कार शोधा

जिल्हा पातळीपासून सुरुवात करा. महाराष्ट्र शासनाच्या उद्योग संचालनालयाची लघुउद्योजकांसाठी जिल्हा पुरस्कार योजना आहे, आणि तिचे अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत घेतले जातात. नाशिकचे केंद्र सातपूर रस्त्यावर आयटीआयजवळच्या उद्योग भवनात आहे. अर्जाची सूचना निघाली की ती औद्योगिक संघटनांच्या व्हॉट्सअॅप गटांवरही फिरते, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका. वर्षातून दोन-तीनदा केंद्रात स्वतः जाऊन चौकशी करा. तेथील उद्योग निरीक्षकाला तुमचा कारखाना माहीत असणे पुढे अनेक कामांत उपयोगी पडते.

नाशिक इंडस्ट्रीज अँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, म्हणजे आपली निमा, आणि अंबडची आयमा या संघटनांचे सभासद नसाल तर आधी व्हा. पुरस्कारांची माहिती, मार्गदर्शन शिबिरे आणि आधी पुरस्कार मिळवलेल्या उद्योजकांची ओळख या तीनही गोष्टी तिथे सहज मिळतात. मला सर्वांत मोलाची मदत झाली ती सातपूरच्या एका ज्येष्ठ उद्योजकाकडून. त्यांनी पुरस्काराच्या अर्जासाठी लिहिलेली आपली जुनी प्रवेशिका दोन दिवस माझ्याकडे वाचायला दिली. ती वाचेपर्यंत प्रवेशिका म्हणजे कंपनीचे माहितीपत्रक असाच माझा समज होता.

राष्ट्रीय पातळीवर केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाचे राष्ट्रीय पुरस्कार आहेत. कंपनी नवी असेल आणि उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाकडून तिला स्टार्टअप म्हणून मान्यता मिळालेली असेल, तर २०२० पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय स्टार्टअप पुरस्कारांचा विचार करता येतो. अभियांत्रिकी मालाची निर्यात करणाऱ्यांसाठी इंजिनिअरिंग एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलचे निर्यात पुरस्कार आहेत. वीज बचतीत खरोखर काम केले असेल, तर ऊर्जा दक्षता ब्युरोचे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन पुरस्कार आहेत. ते दरवर्षी १४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, दिले जातात.

गुणवत्ता व्यवस्थापनाचे मोठे पुरस्कार वेगळ्या जातीचे आहेत. भारतीय मानक ब्युरोचा राजीव गांधी राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार १९९१ मध्ये सुरू झाला, तर मुंबईच्या इंडियन मर्चंट्स चेंबरचा रामकृष्ण बजाज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार १९९६ मध्ये. दुसरा पुरस्कार अमेरिकेतील माल्कम बाल्ड्रिज पुरस्काराच्या चौकटीवर उभा आहे, आणि ती चौकट लहान उद्योजकाने एकदा तरी वाचावी असे माझे स्पष्ट मत आहे. नेतृत्व, धोरण, ग्राहक, मोजमाप व माहिती, मनुष्यबळ, कार्यपद्धती आणि निकाल असे तिचे सात भाग आहेत. एकूण १००० गुणांपैकी तब्बल ४५० गुण वर्षानुवर्षे एकट्या निकालांना राहिले आहेत. पहिल्याच वर्षी हे पुरस्कार मिळण्याची अपेक्षा ठेवू नका. मात्र अर्ज लहान पुरस्काराचा असला, तरी प्रश्नांची मांडणी बहुधा याच सात भागांच्या वळणावर जाते.

अर्ज करण्याआधी झेड, म्हणजे ‘झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट’ (मालात दोष नको, पर्यावरणाला हानी नको), प्रमाणपत्र घेणे हा चांगला सराव आहे. ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे त्याचे तीन स्तर आहेत, आणि शुल्कावर सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघु उद्योगांना ६० टक्के आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान ठरवलेले आहे. ब्राँझसाठी जी छायाचित्रे आणि नोंदी अपलोड कराव्या लागतात, त्याच पुढे पुरस्काराच्या प्रवेशिकेत उपयोगी पडतात.

३. पात्रतेच्या अटी शब्दन् शब्द वाचा

आमचा पहिला अर्ज इथेच बाद झाला. कारखाना अकरा वर्षे चालू होता, पण अर्जाच्या दोन वर्षे आधी आम्ही भागीदारी संस्थेचे रूपांतर प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत केले होते. त्यामुळे पॅन बदलला, उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी) नव्याने झाली, आणि किमान तीन वर्षे उत्पादनात असल्याची अट कागदावर पूर्ण झाली नाही. तीच जागा, तीच यंत्रे आणि तेच कामगार असूनही छाननी करणाऱ्याला समोर दिसत होती ती दोन वर्षांची कंपनी. तुमच्याही संस्थेचे स्वरूप बदललेले असेल, तर अर्ज भरण्याआधी आयोजकांना लेखी प्रश्न विचारा, आणि त्यांनी मान्यता दिल्यास ते उत्तर रूपांतराच्या कागदपत्रांसह अर्जाला जोडा. फोनवर मिळालेल्या होकाराचा छाननीच्या वेळी काही उपयोग होत नाही.

दुसरी अट आकाराची. उद्यम नोंदणीतील वर्गवारी १ एप्रिल २०२५ पासून बदलली आहे. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म ठरतो, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु, तर १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. या हिशेबात निर्यातीची उलाढाल धरली जात नाही. काही उद्योग जुन्या मर्यादेनुसार लघु होते आणि आता सूक्ष्म झाले आहेत. जुने प्रमाणपत्र जोडून चुकीच्या गटात अर्ज केला, तर तो तांत्रिक कारणावरून बाद होऊ शकतो. म्हणून उद्यमच्या संकेतस्थळावरून ताजे प्रमाणपत्र उतरवून घ्या. उद्यम नोंदणी पूर्णपणे विनामूल्य आहे, त्यामुळे ती करून देण्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा.

तिसरी अट थकबाकीची. बँक, वित्तसंस्था, शासनाचे कर आणि भविष्य निर्वाह निधी यांपैकी कुठेही थकबाकी असेल, तर शासकीय पुरस्काराचा विचार त्या वर्षी सोडून द्या आणि आधी ती निस्तरा.

४. कागदपत्रांची फाईल एकदाच, पण नीट तयार करा

पुरस्कारागणिक यादी थोडी बदलते. तरी पुढील कागद तयार असतील, तर धावपळ होत नाही:

• उद्यम नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि जीएसटी नोंदणी.
• भागीदारी करारनामा किंवा कंपनी स्थापनेचे प्रमाणपत्र.
• मागील तीन आर्थिक वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रके आणि आयकर विवरणपत्रे.
• उलाढाल, गुंतवणूक आणि निर्यात यांचे सीएचे प्रमाणपत्र, त्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या प्रमाणपत्राच्या स्वतंत्र ओळख क्रमांकासह.
• बँकेचे खाते नियमित असल्याचे पत्र.
• एमआयडीसीचा भूखंड किंवा गाळ्याचा करार.
• लागू असल्यास कारखाना परवाना आणि अग्निशमन ना-हरकत दाखला.
• महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र, त्यावरील मुदतीच्या तारखेसह.
• भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयसी यांची किमान मागील बारा महिन्यांची चलने.
• आयएसओ प्रमाणपत्र, चाचणी अहवाल, पेटंट किंवा ट्रेडमार्कची कागदपत्रे, असतील त्याप्रमाणे.

यातील तीन ठिकाणी चुका होतात. सीएच्या प्रमाणपत्रांवर यूडीआयएन २०१९ पासून बंधनकारक आहे, आणि तो क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. क्रमांक नसलेले प्रमाणपत्र परीक्षक बाजूला ठेवतात. आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र तीन वर्षांचे असले, तरी दरवर्षीचे सर्व्हेलन्स ऑडिट, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची फेरतपासणी, झालेले असावे लागते. भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र चालू आहे की निलंबित, याची आधी खात्री करून घ्या. तिसरी चूक नावांची. जीएसटीवर एक नाव, वीजबिलावर जुन्या भागीदाराचे नाव आणि एमआयडीसीच्या करारात आणखी तिसरेच, असे असेल, तर नावे बदलून घेण्यासाठी दोन-तीन महिने लागतात. ते काम अर्जाच्या आठवड्यात होत नाही.

प्रत्येक कागदाची स्कॅन प्रत वर्ष आणि कागदाचे नाव देऊन साठवा. सहीशिक्के स्पष्ट दिसतील असे स्कॅन करा. मोबाइलने टेबलावर तिरपे काढलेले फोटो जोडू नका.

५. वर्षभर आकडे नोंदवा

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि लहान कारखान्यांत नेमके याकडेच दुर्लक्ष होते. आमच्याकडे सुधारणा होत होत्या, पण सुधारणेच्या आधी परिस्थिती काय होती याची नोंद नव्हती. दुसऱ्या अर्जात आम्ही लिहिले की आमचे रिजेक्शन खूप कमी झाले. किती होते, किती झाले, कधीपासून आणि कशामुळे, या चारही प्रश्नांना आमच्याकडे कागदावर उत्तर नव्हते. त्या विभागात आम्हाला अगदी तुटपुंजे गुण मिळाले, आणि ते योग्यच होते.

पुढे आम्ही सहाच आकडे निवडले आणि ते दरमहा एका तक्त्यात भरू लागलो. कारखान्यातील रिजेक्शन, ग्राहकाकडून परत आलेला माल, वेळेवर झालेली डिलिव्हरी, प्रतिनग वीजवापर, डाय बदलायला लागणारा वेळ आणि अपघात. यापेक्षा जास्त आकडे सुरुवातीला घेऊ नका, कारण वीस आकडे ठरवून तीनच महिने भरले, तर परीक्षकासमोर फक्त रिकाम्या रकान्यांची वही राहते.

आकडा काढण्याची पद्धत आधी ठरवा आणि मग ती बदलू नका. उदाहरणार्थ, महिन्यात १२,००० नग पाठवले आणि ग्राहकाने १८ नाकारले, तर दहा लाखांमागे ते १,५०० होतात. ग्राहक यालाच पीपीएम म्हणतात. वीज ९,६०० युनिट आणि उत्पादन ८०,००० नग असेल, तर प्रतिनग ०.१२ युनिट. एकूण वीजबिल किती कमी झाले हे सांगण्यात अर्थ नाही, कारण मंदीच्या महिन्यात उत्पादन घटले की बिल आपोआप घटते. परीक्षकांना हे पुरते माहीत असते. त्यामुळे प्रत्येक आकडा उत्पादनाच्या प्रमाणात मांडा.

नोंद जिथे काम होते तिथेच व्हावी. आमच्याकडे प्रत्येक प्रेसजवळ दोरीने बांधलेली एक वही आहे. तिच्यात शिफ्ट, नग क्रमांक, तयार नग, नाकारलेले नग आणि कारण असे पाच रकाने आहेत. सुरुवातीला कारणाच्या रकान्यात सगळे जण ‘खराब’ एवढेच लिहीत. मग सुपरवायझरने बर (कडेला राहिलेली धार), क्रॅक, माप चुकले, पत्रा खराब, सेटिंगचे नग अशी पाच कारणे वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांना क्रमांक दिले, आणि कामगार तो क्रमांक लिहू लागले. तीन महिन्यांत दिसले की नाकारलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक नग सेटिंगच्या वेळी, म्हणजे डाय बदलून जुळवताना, वाया जात होते. डाय बदलण्याच्या कामाला हात घालायचा निर्णय त्या वहीमुळे झाला. पुढच्या प्रवेशिकेतील आमचे सर्वांत भक्कम प्रकरणही तिच्यातूनच तयार झाले.

सुधारणा करण्याआधी फोटो काढण्याची सवय लावून घ्या. नंतरचा फोटो सगळ्यांकडे असतो, आधीचा कोणाकडेच नसतो. दोन्ही फोटो एकाच जागेवरून, एकाच कोनातून आणि तारखेसह असावेत.

६. प्रवेशिका लिहा

पहिला मसुदा तरी कारखाना रोज चालवणाऱ्या माणसाने लिहावा. सल्लागाराची मदत घेण्यात गैर काही नाही, पण सर्वस्वी त्याच्यावर सोपवलेली प्रवेशिका लगेच ओळखू येते, कारण तिच्यात ‘आम्ही सातत्यपूर्ण सुधारणेसाठी कटिबद्ध आहोत’ अशी वाक्ये पानोपानी असतात आणि एकाही यंत्राचे नाव नसते.

प्रत्येक प्रश्नाचे उत्तर चार भागांत विचारपूर्वक मांडा. तुमची पद्धत काय आहे, ती कारखान्यात कुठे कुठे लागू केली आहे, तिच्यातून शिकून तुम्ही काय बदलले, आणि ती इतर कामांशी कशी जोडलेली आहे. बाल्ड्रिज चौकटीत परीक्षक याच चार अंगांनी पद्धतींना गुण देतात. निकालांच्या बाबतीत ते आजची पातळी, काही वर्षांचा कल, इतरांशी तुलना आणि तो निकाल उद्योगासाठी किती महत्त्वाचा आहे, हे पाहतात. यातील तुलना लहान उद्योजकाला अवघड जाते. प्रतिस्पर्ध्याचे आकडे आपल्याला मिळत नाहीत, पण अनेक मोठे ग्राहक पुरवठादारांना दरमहा गुणपत्रक पाठवतात, आणि काही जण त्यात सर्व पुरवठादारांची सरासरीही देतात. ती मागून घ्या.

फरक लक्षात यावा म्हणून आमच्याच दोन प्रवेशिकांतील उतारे देतो. दुसऱ्या वर्षी आम्ही लिहिले होते: ‘आमची कंपनी कामगारांच्या प्रशिक्षणाला अत्यंत महत्त्व देते आणि वेळोवेळी प्रशिक्षण आयोजित करते.’ चौथ्या वर्षी त्याच प्रश्नाखाली लिहिले: ‘दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी शिफ्ट बदलताना अर्ध्या तासाचे प्रशिक्षण होते. विषय मागील महिन्यात सर्वाधिक आलेल्या रिजेक्शनच्या कारणावरून ठरतो. प्रशिक्षणानंतर पंधरा दिवसांनी सुपरवायझर त्या कामगाराचे काम प्रत्यक्ष पाहून कौशल्य तक्त्यात नोंद करतो. हा तक्ता प्रवेशद्वाराजवळ लावलेला आहे.’ दुसऱ्या उताऱ्यातील प्रत्येक वाक्य परीक्षक कारखान्यात येऊन पडताळून पाहू शकतो, आणि लिहिताना कसोटी म्हणून हीच एक गोष्ट लक्षात ठेवा.

अपयश लपवू नका. ज्या वर्षी डिलिव्हरी घसरली, ते वर्ष आलेखातून वगळले, तर परीक्षकाचे लक्ष नेमके तिथेच जाते. आम्ही एका वर्षी तांब्याची पट्टी वेळेवर न मिळाल्याने कसे मागे पडलो आणि नंतर दुसरा पुरवठादार कसा जोडला, हे सविस्तर लिहिले. परीक्षकांनी भेटीत सर्वाधिक वेळ त्याच प्रकरणावर घालवला.

शब्दमर्यादा पाळा. मराठी किंवा इंग्रजी यांपैकी कोणतीही भाषा चालत असेल, तर ज्या भाषेत तुमचा विचार स्पष्ट उमटतो ती निवडा. मसुदा पूर्ण झाला की कारखान्याशी संबंध नसलेल्या एका सुशिक्षित व्यक्तीला वाचायला द्या. माझ्या बहिणीने, ती शाळेत गणित शिकवते, आमच्या आलेखांतील दोन चुका आणि एका ठिकाणी शंभरावर गेलेली टक्केवारी दाखवून दिली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ चालेल अशा भरवशावर राहू नका. किमान चार दिवस आधी अर्ज दाखल करा आणि पोचपावतीची छापील प्रत फाईलला लावा.

७. ग्राहकांची पत्रे वेळेत मागा

मोठ्या कंपनीकडून शिफारसपत्र मिळायला तीन-चार आठवडे सहज जातात. मागताना पत्रात कोणत्या गोष्टीचा उल्लेख हवा ते नम्रपणे कळवा, म्हणजे ‘समाधानकारक पुरवठादार’ या एका ओळीऐवजी वर्षभरातील डिलिव्हरीचा आकडा पत्रात येतो.

८. पैसे घेऊन दिले जाणारे पुरस्कार ओळखा

उद्यम नोंदणी झाली आणि कंपनीचा ईमेल कुठेतरी नोंदवला गेला की काही महिन्यांतच अभिनंदनाचे पत्र येते. तुमच्या कंपनीची अमुक पुरस्कारासाठी निवड झाली आहे, सोहळा पंचतारांकित हॉटेलात आहे, एखादी प्रसिद्ध व्यक्ती पुरस्कार देणार आहे, आणि जागा राखण्यासाठी ठरावीक रक्कम अधिक १८ टक्के जीएसटी तीन दिवसांत भरावी. सुरुवातीच्या काळात अशा एका आयोजकाला आम्ही पैसे भरले. सोहळ्यात एकाच विभागात इतक्या कंपन्यांना सर्वोत्कृष्ट ठरवले होते की व्यासपीठावर रांग लागली. आमच्या एका ग्राहकाच्या खरेदी व्यवस्थापकाने ते मानचिन्ह पाहून निकष काय होते असे विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. मानचिन्ह मी त्याच दिवशी कार्यालयातून काढले. गेलेल्या पैशांपेक्षा ग्राहकासमोर कमी झालेला विश्वास मला जास्त लागला.

प्रवेश शुल्क असणे म्हणजे फसवणूक असे मात्र समजू नका. अनेक चांगल्या पुरस्कारांना अर्ज छाननी आणि परीक्षकांच्या भेटीचा खर्च म्हणून शुल्क असते. फरक पुढील प्रश्नांनी कळतो: तुम्ही अर्ज न करताच निवड कशी झाली? निकष आणि गुणांची विभागणी प्रसिद्ध केली आहे का? परीक्षक कोण आहेत? कारखान्याला भेट होते का? मागील वर्षी प्रत्येक विभागात किती विजेते होते? शुल्क अर्जासाठी आहे की विजेता ठरल्यानंतर? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘विजेता ठरल्यानंतर’ असे आले, तर तिथेच थांबा.

९. परीक्षकांच्या भेटीची तयारी करा

भेटीआधी भिंती रंगवण्यात पैसे घालवू नका. रोजच्या स्थितीत कारखाना स्वच्छ, वाटा मोकळ्या, अग्निशामकांची मुदत चालू आणि यंत्रांना सुरक्षा गार्ड लावलेले असावेत, एवढे पुरे. कामगारांकडून उत्तरे पाठ करून घेणे तर पूर्णपणे टाळा. त्यांना फक्त कोण येणार आहे आणि का, हे आदल्या दिवशी नीट समजावून सांगा, आणि जे माहीत आहे तेच सांगायचे, माहीत नसेल तर कोणाला विचारता येईल ते सांगायचे, एवढे कळवा.

चौथ्या अर्जाच्या वेळचा प्रसंग सांगतो. दोन परीक्षक सकाळी दहाला आले. मी कार्यालयात सादरीकरण तयार ठेवले होते, पण त्यातील ज्येष्ठ परीक्षक म्हणाले, “आधी शॉप पाहू, सादरीकरण नंतर.” ते थेट तिसऱ्या प्रेसजवळच्या, नाकारलेले नग टाकायच्या लाल पेटीपाशी गेले. त्यांनी तिच्यातून तांब्याचा एक नग उचलला, उजेडात धरला आणि प्रेसवरच्या ताईंना विचारले, “ताई, हा नग कधीचा?”

ताईंनी हात पुसले, वही उघडली आणि बोट ठेवून दाखवले. “साहेब, आज सकाळचा. सेटिंगचे चार नग आहेत, पाच नंबरचं कारण. पाचवा नग पास झाला, तो सुपरवायझरांनी सही करून इथे टांगलाय.” प्रेसच्या खांबाला सुतळीने टांगलेला तो नग परीक्षकांनी हातात घेतला, त्यावरची सही आणि वेळ पाहिली, आणि मग त्यांनी वहीची पाने मागे उलटायला सुरुवात केली. तीन महिने, सहा महिने, एक वर्ष. जुन्या पानांवर सेटिंगचे पंधरा-वीस नग लिहिलेले होते, आणि पुढे येता येता तो आकडा चार-पाचवर आलेला दिसत होता. वहीवर तेलाचे डाग होते, अक्षर चार वेगवेगळ्या माणसांचे होते, काही ठिकाणी खाडाखोड होती. त्यांनी त्या पानांचे फोटो काढले. माझ्या सादरीकरणातील हाच आलेख त्यांनी नंतर पडद्यावर पाहिला तो अर्धा मिनिट.

भेटीच्या वेळी मालकाने शक्य तितके मागे राहावे. कामगाराला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण देऊ नये. मागितलेला कागद पाच मिनिटांत सापडावा, यासाठी फाईल सांभाळणारी एक व्यक्ती नेमून ठेवा. चहा-नाश्ता साधा ठेवा, आणि भेटवस्तू देण्याचा विचारही करू नका. अनेक परीक्षकांना ती घेण्याची मनाई असते, आणि दिल्याने दोघांचीही अडचण होते.

१०. निकालानंतरची कामे

निवड झाली नाही, तर अभिप्राय अहवाल मागा. गुणवत्ता पुरस्कारांत तो बहुधा दिला जातो, आणि इतर ठिकाणीही नम्रपणे पत्र लिहिल्यास निदान कमी पडलेल्या बाबी कळतात. तिसऱ्या वेळच्या आमच्या अभिप्रायात ग्राहकांच्या तक्रारींवर केलेल्या उपायांची परिणामकारकता तपासली जात नाही, असे एक वाक्य होते. आम्ही तक्रार नोंदवहीत ‘नव्वद दिवसांनंतरची तपासणी’ असा एक रकाना वाढवला, आणि त्याचा फायदा पुरस्काराच्या आधी ग्राहकांच्या ऑडिटमध्ये झाला.

निवड झाली, तर पहिल्याच आठवड्यात ही बातमी ग्राहक, पुरवठादार आणि बँकेला पत्राने कळवा. पत्रात पुरस्काराचे पूर्ण नाव, वर्ष, विभाग आणि देणारी संस्था लिहा. द्वितीय पुरस्कार असेल तर तो द्वितीय म्हणूनच लिहा. पुरस्काराचे चिन्ह पॅकिंगवर किंवा संकेतस्थळावर वापरायचे असेल, तर किती काळ आणि कसे वापरता येते, याची आयोजकांकडून लेखी परवानगी घ्या. समारंभाला कामगारांपैकी कोणाला तरी सोबत न्या. आम्ही प्रेसवरच्या त्याच ताईंना आणि सुपरवायझरला नेले, आणि प्रमाणपत्र घ्यायला व्यासपीठावर ताई गेल्या. प्रमाणपत्राची एक प्रत आता तिसऱ्या प्रेससमोरच्या भिंतीवर आहे. खाली दोरीने बांधलेली नवी वही सुरू झाली आहे, आणि तिच्या पुठ्ठ्यावर आता पाचऐवजी सात कारणे लिहिलेली आहेत.